ताटाचा रंग आणि पट्ट्यातली पुडी

(करमाळा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा संयोजक जरा चपापले. म्हणाले, "वकीलसाहेब, अळिंबीचा आणि करमाळ्याचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. कोकणात, मेळघाटात पहिल्या पावसानंतर रानातून अळिंबी आणतात, तिची वाट बघतात. आपला तालुका कोरडा. आपल्याकडे उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री, आणि तिला हात लावायचा नाही हे पोराटोरांनाही ठाऊक. मशरूम आपल्याला भेटतं ते लग्नाच्या पंगतीत, तेही डब्यातलं. पण 2025 साली ऑस्ट्रेलियातल्या अळिंबीच्या खटल्यावर इथं चहाच्या टपरीवर लोक हिरिरीनं बोलत होते. बाई दोषी की निर्दोष, याचे निकाल लागत होते. मॉरवेल गावच्या ज्युरीला निकालापर्यंत पोचायला काही दिवस लागले. आपल्याकडे अर्ध्या कपात काम झालं!

हसण्यावारी नेऊ नका. विषाच्या खटल्यातली साक्ष आणि चारचौघांतली तिची चर्चा, यावरच मला बोलायचं आहे. लोकांनी चर्चा करू नये, गप्प बसावं, असं मी म्हणणार नाही. उलट, चर्चेनं कोर्टाला जे सुचवायला हवं ते कधी कधी ती नेमकं सुचवते, असं माझं मत आहे. प्रश्न एवढाच आहे की आपण चर्चा कशाची करतो? साक्षीची करतो, की साक्षीदाराच्या तोंडवळ्याची?

आधी ती ऑस्ट्रेलियाची हकिगत थोडक्यात सांगतो. व्हिक्टोरिया राज्यात लिओंगाथा नावाचं लहान गाव आहे. 29 जुलै 2023 रोजी एरिन पॅटरसन या बाईनं घरी चौघांना जेवायला बोलावलं: दुरावलेल्या नवऱ्याचे आई-वडील डॉन आणि गेल, गेलची बहीण हेदर, आणि हेदरचे यजमान इयन विल्किन्सन, जे चर्चमध्ये पाद्री आहेत. नवऱ्यालाही बोलावणं होतं; तो गेला नाही. जेवणात बीफ वेलिंग्टन, म्हणजे मांसाभोवती अळिंबीचं सारण आणि वरून पिठाचं आवरण. त्या सारणात डेथ कॅप ही विषारी अळिंबी होती. डॉन, गेल आणि हेदर गेले. इयन अनेक आठवडे दवाखान्यात राहून वाचले. 7 जुलै 2025 ला बारा जणांच्या ज्युरीनं एकमतानं तीन खून आणि एका खुनाच्या प्रयत्नाबद्दल बाईला दोषी ठरवलं. सप्टेंबरात जन्मठेप झाली. 33 वर्षं पॅरोल नाही.

या अळिंबीचा स्वभाव समजून घ्या, म्हणजे विषाच्या खटल्याची अडचण कळेल. तिचं विष शिजवून मरत नाही. चवीला वाईट नसते. खाल्ल्यावर सहा-आठ तास, कधी बारा तास, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस म्हणतो सुटलो. आणि आत यकृत खलास होत असतं. म्हणजे गुन्हा होतो एका दुपारी, त्रास सुरू होतो रात्री, मरण येतं आठवड्यानं. कुऱ्हाडीच्या खुनात साक्षीदार सांगतो, "मी वार पाहिला." विषाच्या खटल्यात वार कुणी पाहिलेलाच नसतो. ज्यानं पाहिलं असेल त्यानं फक्त वाढलेलं ताट पाहिलं.

आणि खरोखर, या खटल्यात साक्ष झाली ती ताटांचीच. वाचलेले इयन विल्किन्सन साक्षीच्या पिंजऱ्यात आले आणि म्हणाले, पाहुण्यांची चार ताटं राखाडी होती, यजमानीणबाईचं ताट वेगळं, लहान, नारिंगी-तपकिरी. आरोपी म्हणाली, माझ्याकडे राखाडी ताटांचा संच नाहीच. आता पुढचं नीट ऐका. नवऱ्यानं साक्षीत सांगितलं की आजारी पडल्यावर हेदरनंही वेगळ्या रंगाच्या ताटाची गोष्ट काढली होती, एरिनकडे ताटं कमी आहेत का असं विचारलं होतं. हेदर तर गेली. तिची उलटतपासणी कोण घेणार? मेलेल्या माणसाचं बोलणं जिवंत माणसाच्या तोंडून कोर्टात आलं. ते किती तोलायचं?

हा प्रश्न परदेशातला नाही, मंडळी. आपल्या पुण्यात तो 1982 सालीच उभा राहिला. बीडकडची एक नवविवाहिता जून महिन्यात पुण्यातल्या सासरी मृत सापडली. विष होतं पोटॅशियम सायनाइड. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं हा मोठा पुरावा होता. सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि 17 जुलै 1984 ला सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. कायद्याचा कुठलाही विद्यार्थी हा सारडा खटला झोपेत सांगेल. त्यात न्यायमूर्ती फजल अलींनी परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं मांडली. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. आणि विषाच्या खटल्यासाठी चार प्रश्न सांगितले. हे चार तेवढे घरी घेऊन जा. आरोपीला मारण्याचा स्पष्ट हेतू होता का? मृत्यू विषानंच झाला का? आरोपीजवळ ते विष होतं का? आणि ते देण्याची संधी त्याला होती का?

बघा, यात कुठंही "आरोपी रडला का" हा प्रश्न नाही.

एरिन पॅटरसन घरासमोर पत्रकारांशी बोलताना रडली होती. ते चित्रीकरण जगभर फिरलं. अश्रू खरे की खोटे, डोळे कोरडे होते का, यावर केवढी चर्चा! आणि फळं-भाज्या वाळवायचं यंत्र? ते तिनं जेवणानंतर चार दिवसांनी जवळच्या कचरा डेपोत टाकलं, त्यावर तिच्या बोटांचे ठसे होते, आत डेथ कॅपचा अंश होता, आणि असं यंत्र माझ्याकडे नाहीच असं तिनं पोलिसांना सांगितलं होतं. हा तिसऱ्या प्रश्नाचा पुरावा: विष आरोपीजवळ होतं का? पण यंत्रावर कुणी तावातावानं बोलत नाही. यंत्र रडत नाही ना!

आता मी तुम्हाला दीडशे वर्षं मागं नेतो. विषप्रयोगाची साक्ष आणि लोकांची चर्चा यांची गाठ मराठी माणसाच्या बाबतीत सगळ्यात जोरात पडली ती बडोद्यात, 1875 साली. जरा तब्येतीनं सांगतो, कारण असा खटला पुन्हा झाला नाही.

मल्हारराव गायकवाड 1870 साली गादीवर आले. कारभार चांगला नव्हता, हे त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनाही कबूल होतं. दादाभाई नौरोजी काही काळ तिथं दिवाण होते. त्यांचाही जीव मेटाकुटीला आला. इंग्रजांचा रेसिडेंट होता कर्नल फेअर. त्याचं आणि महाराजांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. फेअरला रोज सकाळी फिरून आल्यावर पपनसाच्या रसाचं सरबत लागायचं. 9 नोव्हेंबर 1874 ला त्यानं दोन घोट घेतले, चव विचित्र लागली, उरलेलं ओतून दिलं; पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड आणि मुंबईचे रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांनी तपासून सांगितलं: सोमल आहे, आणि हिऱ्याची पूड आहे.

आता हिऱ्याची पूड! आपल्या आजीबाईंच्या गोष्टींत राण्या हिरा गिळून मरतात. हिऱ्यात विष नसतं. पण ज्यानं कुणी ते मिसळलं, त्याच्या डोक्यात राजवाड्यातलं विष हवं होतं एवढं दिसतं. की राजवाड्याकडे बोट दाखवायचं होतं? हा प्रश्न तेव्हाच्या लोकांनी विचारला. चांगला प्रश्न आहे.

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. सोबत त्यांचे पोलीस अकबर अली, अब्दुल अली. रेसिडेन्सीचा हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी जबाब दिले: महाराजांनी रात्री हवेलीत बोलावलं, पैसे दिले, पुड्या दिल्या. महाराजांचा खासगी कारभारी दामोदरपंत कैदेत होता. त्यानंही कबुली दिली. जानेवारी 1875 मध्ये महाराजांना अटक झाली आणि चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज: बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड, आणि मेलव्हिल. तीन आपले: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, आणि सर दिनकरराव. राजावर विषप्रयोगाचा आरोप, आणि न्यायासनावर दोन राजे! महाराजांच्या बचावाला थेट लंडनहून बोटीनं सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले.

आता पट्ट्याची साक्ष ऐका. सगळं व्याख्यान विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. रावजी म्हणाला, विषाची एक पुडी माझ्या पट्ट्यात उरली असेल. तो पट्टा तोवर दुसऱ्या शिपायाच्या अंगावर गेला होता. पट्टा मागवला. अकबर अलींनी तो हातात घेऊन चाचपला. आत कागद लागला. मग सूटर साहेबांना हाक मारली, त्यांच्यासमोर पुडी निघाली. पुडीत सोमल.

बॅलंटाइन इथं अडून बसले. साहेब येण्याआधी पट्टा कुणाच्या हातात होता? इतके दिवस तो कुणाच्या अंगावर होता? पुडी होती, की घातली? आपल्या तालुक्यातला पंच आजही कोर्टात उभा राहतो तेव्हा याच खिंडीत सापडतो. "पंचनामा होताना तुम्ही खोलीत होता की बाहेर ओट्यावर?" सील कधी लागलं, मुद्देमाल कुणाकडे होता, व्हिसेरा प्रयोगशाळेत किती तारखेला पोचला. ऐकणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं, पण विषाचा खटला उभा राहतो तो या तारखांवरच आणि कोसळतो तोही यांच्यावरच.

शिवाय भाऊ पुणेकर नावाचा एक खबऱ्या होता. विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबं होतं, अशी यादीच त्यानं फेअरला पुरवली होती. त्याला ही यादी कुठून मिळाली? ज्या जवाहिऱ्याकडून हिरे घेतल्याचं सांगत, तो तर साक्षीत पोलिसांपुढच्या जबाबावरून फिरला. दामोदरपंतांच्या हिशेबाच्या कागदांवर शाई सांडून नोंदी झाकलेल्या निघाल्या. या शाईचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीनं लावला.

आणि आरोपी? मल्हाररावांनी लेखी निवेदन दिलं. शपथेवर साक्ष दिली नाही. त्या काळी आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर बोलण्याची मुभाच नव्हती. आज आहे. तरी आपल्याकडे आरोपी क्वचितच पिंजऱ्यात साक्षीदार म्हणून उभा राहतो. न्यायाधीशांनी विचारलेल्या प्रश्नांना "खोटं आहे, मला माहीत नाही" एवढी उत्तरं देतो. एरिन पॅटरसन मात्र आठ दिवस साक्षीला उभी राहिली, आणि आपण आधी खोटं बोललो हे तिनं तिथंच कबूल केलं. अशा साक्षीवर लोक तुटून पडणारच.

बडोद्यातल्या साक्षी पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत येत होत्या. लोक पारावर बसून वाचून घेत, ऐकत, वाद घालत. मल्हाररावांवर नाटकसुद्धा लिहिलं गेलं. यात भाबडेपणा नव्हता का? होता. पुष्कळांना राजा निर्दोष हवा होता, कारण समोर इंग्रज होता. पण त्या चर्चेनं एक गोष्ट पहिल्यांदा शिकवली: पोलिसांनी काढलेली पुडी म्हणजे पुरावा नव्हे, ती कशी निघाली हे सांगितल्यावरच तो पुरावा होतो. हजारो माणसांनी हे एकाच वेळी शिकणं ही लहान गोष्ट आहे का?

निकाल काय लागला? तीन इंग्रज म्हणाले, आरोप सिद्ध. तीन हिंदी सभासद म्हणाले, मल्हाररावांनी हे करवलं असं सिद्ध होत नाही. बरोबर मधोमध फाटलं. सरकारनं एप्रिल 1875 मध्ये महाराजांना पदच्युत केलं, पण कारण दिलं दुराचार आणि गैरकारभाराचं. कमिशनच्या निकालाचा आधार घेतलाच नाही. महाराजांची रवानगी मद्रासला झाली. 1882 साली ते तिथंच वारले. त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा गोपाळ दत्तक आला, तेच आपले सयाजीराव महाराज. पट्ट्यातल्या पुडीनं आपल्याला काय दिलं, याचा हिशेब इतिहासवाल्यांनी करावा. मी वकील आहे, मला अजून त्या पट्ट्याचंच पडलंय.

इथवर मी चर्चेची बाजू घेतली. आता उलट बाजू.

पुण्याच्याच लक्ष्मीबाई कर्वे. विधवा, मधुमेहानं आजारी, नावावर बरी मालमत्ता. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांच्या घरोब्यातला, विश्वासातला. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री त्यांना मुंबईच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हणून हा डॉक्टर पुण्याहून पॅसेंजर गाडीनं निघाला. पहाटे बाई बेशुद्ध. जी. टी. हॉस्पिटलात दाखल केलं ते "इंदुमती पानसे" किंवा तत्सम भलत्याच नावानं. त्याच दिवशी दुपारच्या आत बाई गेल्या. प्रेतावर कुणी हक्क सांगितला नाही. ते बेवारस म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलं. तिथल्या एका शिपायाला गळ्यावर खूण दिसली म्हणून दहा दिवसांनी शवविच्छेदन झालं. विष सापडलं नाही. आणि तिकडे पुण्यात? नातेवाइकांना, ओळखीच्यांना लक्ष्मीबाईंच्या नावानं पत्रं येत राहिली. त्यांत लिहिलेलं: मी जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलंय, जयपूरजवळ राठोडीला सुखात आहे, शोध घेऊ नका. पत्रं बनावट होती. दरम्यान शेअर, पैसे, सगळं डॉक्टरकडे वळत होतं.

आता बघा. एक वयस्क विधवा अचानक लग्न करून राजस्थानात निघून जाते, या बातमीवर पेठांतून काय चर्चा झाली असेल? कल्पना करायला फार लागत नाही. बाईच्या चारित्र्याची चर्चा ही सोपी, चविष्ट. आणि गुन्हेगाराला नेमकी तीच हवी होती. ती बाई आहे कुठं, पत्रावरचं अक्षर कुणाचं, हे प्रश्न विचारायला काही मोजक्या माणसांनी नेट धरला, म्हणून प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. 1958 मध्ये डॉक्टरला अटक झाली. 14 डिसेंबर 1959 ला सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं फाशी कायम केली: विष सापडलं नाही म्हणून खून झाला नाही असं होत नाही, विष देणारा डॉक्टर असेल तर माग न राहील असंच तो देईल, आणि त्याचं आधीचं-नंतरचं वागणं बोलतं. न्यायमूर्ती सरकार यांनी वेगळं मत दिलं. मृत्यू विषानं झाला हेच सिद्ध नाही असं त्यांचं म्हणणं. ते मतभेदाचं निकालपत्रही वाचण्यासारखं आहे. सारडा खटल्यातला दुसरा प्रश्न आठवतोय ना?

नानावटी खटल्याबद्दल बोलायला वेळ नाही, सिनेमे सगळ्यांनी पाहिलेत. मुंबईत 1959 साली आठ विरुद्ध एक मतानं ज्युरीनं नानावटींना सोडलं, बाहेर एका साप्ताहिकानं या नौदल अधिकाऱ्याची बाजू डोक्यावर घेतली होती, उच्च न्यायालयानं ते मत बाजूला सारून शिक्षा दिली. पुढं आपल्याकडून ज्युरी गेलीच. ज्युरी गेली, आणि सगळं गाव ज्युरी झालं!

त्यातही ऑस्ट्रेलियातला आणि आपल्याकडचा एक मोठा फरक लक्षात घ्या. मॉरवेलमध्ये साक्ष झाली की त्याच संध्याकाळी तिच्यावर चर्चा होती. म्हणजे निदान साक्ष झाल्यावर चर्चा होती. आपल्याकडे चर्चा साक्षीच्या आधी काही वर्षं होते. अटक झाली की त्या रात्री टीव्हीवर "आरोपीनं गुन्हा कबूल केला." पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही, हे इंग्रजांच्या काळापासूनचं तत्त्व, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या साक्ष अधिनियमातही ते आहे. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यातून ती कबुली कोण पुसणार? मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूवरच्या वार्तांकनाबद्दल वाहिन्यांना खडसावलं ते याचसाठी.

आणि मधल्या मध्ये भरडला जातो साक्षीदार. सत्र खटला उभा राहीपर्यंत चार-पाच वर्षं जातात. तेवढ्यात त्यानं काय पाहिलं हे त्याला गावातल्या पन्नास जणांनी पन्नास वेळा सांगितलेलं असतं. दूधसंघावर, सोसायटीच्या निवडणुकीत, सोयरिकीत. एके दिवशी तो कोर्टात येतो आणि पोलीस जबाबातलं मुख्य वाक्य नाकारतो. सरकारी वकील उठून अर्ज देतो, साक्षीदार फितूर. बाहेर लगेच बोलणं सुरू: पैसे खाल्ले. कधी खाल्लेले असतात. कधी मात्र त्याला खरंच आठवत नसतं, आपण ताट पाहिलं होतं की ताटाबद्दल ऐकलं होतं.

इथल्या तरुण मंडळींना मी एक सुचवतो. आपल्या कायद्यात कोर्ट खुलं असतं; कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. मोबाइल बंद ठेवायचा, एवढीच अट. सकाळी अकराला जा. साक्षीदार बोलतो एक, न्यायाधीश ते टायपिस्टला सांगतात दुसऱ्या शब्दांत, आणि दोन्ही वकील त्या एका ओळीवर पाच मिनिटं भांडतात. साक्षीदार म्हणाला, "अंधार होता पण ओळखू येत होतं." बचावाच्या वकिलाला "अंधार होता" इथं पूर्णविराम हवा असतो, सरकारी वकिलाला "पण" हवा असतो. त्या "पण"वर एखाद्याची जन्मठेप अवलंबून असते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं: प्रत्यक्षदर्शीची खळबळजनक साक्ष.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. मागच्या रांगेत आमचे दोन-तीन वकील मित्र बसलेत, त्यांची उलटतपासणी अजून व्हायची आहे. विचारा.